डोहात ठेवलेली लाँच

उन्हाळा लागला की आमच्या वऱ्हाडात लोक एकमेकांना पारा विचारतात. अकोल्याचा माणूस तर तो अशा थाटात सांगतो, की जणू त्यानं स्वतःच्या कष्टानं कमावला आहे. आमचे बाबा मात्र पाणी विचारतात. चैत्र उजाडला की रोज सकाळी अकोल्याहून मला अमरावतीला फोन येतो, "नंदे, धरनाचं पानी किती उतरलं?" मी पेपरात बघून सांगते. मग ते म्हणतात, "झाकून हाय मंग," आणि फोन ठेवतात.

काय झाकून आहे ते बाबांखेरीज आमच्या घरात मला एकटीलाच माहीत आहे. इतकी मोठी गोष्ट पोटात ठेवायची मला सवय नाही, म्हणून लिहायला बसले. धरणाचं नाव तेवढं विचारू नका. परतवाडा सोडून सातपुड्याच्या अंगानं गेलं की ते लागतं, एवढ्यावर भागवून घ्या.

बाबा म्हणजे नामदेव मिस्त्री. शेताशेतांतल्या विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. लहानपणी मी त्यांच्या सायकलवर पुढं बसून जायची, तेव्हा कोसभरावरून नुसता आवाज ऐकून ते सांगायचे की अमक्याच्या इंजिनाचं नोझल गेलं आहे. मग विजेच्या मोटारी आल्या. बटण दाबलं की पाणी. मिस्त्रीला बोलावणं कमी झालं, मग बंदच झालं. बाबांनी तक्रार केली नाही. पाने-पकडी पुसून खोक्यात ठेवल्या आणि घरामागच्या शेडमध्ये खाट टाकून दुपारी झोपायला लागले. माणसाचं काम असं कोणी न भांडता, न रागावता काढून घेतं, तेव्हा त्यानं बोट तरी कोणाकडे दाखवायचं?

दोन वर्षांपूर्वी चैत्रातच त्यांचा फोन आला होता. आवाज तिशीतल्या माणसाचा. "नंदे, ते सापडली!" मला वाटलं, म्हैस.

सापडली होती लाँच. धरण बांधत होते तेव्हा पाहणीसाठी मुंबईकडून आणलेली, सागवानी, दोन विलायती डिझेल इंजिनांची. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि तिच्यावर फिटर होते. दोनच वर्षं. पण त्या दोन वर्षांबद्दल ते जितकं बोलत, तितकं आईबरोबरच्या चाळीस वर्षांबद्दलही बोलले नसतील. याचं कारण मी एकदा विचारलं तर म्हणाले, "हे पाह्य, माह्या हातानं गंज, शेकड्यानं इंजिनं चालू झाली. पन सारी जागच्या जागी. सिमेटाच्या ओट्यावर आवळलेली. दिवसभर भकभक करून एक इंजिन इतकुसं सरकलं नाई. गेली कुठं तर तेवढी लाँचवरची दोनच गेली."

आता ती धरणाच्या कार्यालयामागं बाभळीखाली पडली होती. तिच्या कठड्याला कोणीतरी बकरी बांधली होती. पाहून मला धक्काच बसला. बाबांच्या बोलण्यात जी राजाची घोडी होती, ती प्रत्यक्षात म्हणजे फाटक्या बुडाचं, कबुतरांनी घाण केलेलं लाकूड. तिथला तरुण साहेब मनानं चांगला होता. म्हणाला, "बाबा, पावसाळ्याआधी पाण्यावर चालवून दाखवा. चालली तर ठेवू. नाही तर भंगारात जाईल, माझा नाइलाज आहे." बाबांनी तिथल्या तिथं हात जोडले. त्या उन्हाळ्यात एवढंच पणाला लागलं होतं, आणि बाबांसाठी ते पुष्कळ होतं.

लाँच ट्रेलरवर चढवत होते तेव्हा एक बाई काठावरून चालत आली. उंच, काळी, डोक्यावर रिकामी टोपली. ही गिरजाबाई. धरणात मासे धरणाऱ्या भोयांपैकी, परतवाड्याच्या बाजारात बसणारी. तिनं लाकडावर हात फिरवला आणि सरळ विचारलं, "कुठं नेऊन राहिले हिले?"

"अकोल्याले," बाबा म्हणाले.

"अकोल्याच्या उन्हात? काहून? लाकडाले पानी लागते, बाप्पा. उन्हानं फाकते ते."

बाबा हसले. "बाई, तुमी मासे धरा. लाकडाचं मले नका सांगू."

मीही हसले. ते हसू मला अजून टोचतं. कारण मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि लाकूड पाणी पिऊन फुगतं व वाळून आकसतं हे दर वर्षी सहावीच्या वर्गात फळ्यावर चित्र काढून सांगते.

अंजनगाव, अकोट करत ट्रेलर निघाला. लग्नाच्या वरातीला निघत नाहीत एवढे लोक रस्त्यावर निघाले. अकोटच्या चौकात एक म्हातारा पानाच्या ठेल्यावरून ओरडला, "काहून बे, अकोल्याले समुद्र आला का?" बाबा ट्रकच्या केबिनमधून हात हलवत होते. इतक्या वर्षांत त्यांना मी कोणाला हात हलवताना पाहिलं नव्हतं.

मग तो उन्हाळा. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी अमरावतीहून अकोल्याला गेले ती तिथंच राहिले. शेडमध्ये एका बाजूला मी पेपर तपासत असायची आणि दुसऱ्या बाजूला बाबा इंजिन उघडून बसलेले. डिझेलचा वास, कुलरच्या वाळ्याचा वास, आणि दुपारी एकनंतर लाकडातून येणारा, डबीत बंद करून ठेवलेल्या जुन्या मसाल्यासारखा सागवानाचा वास. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, सगळं अंथरुणाच्या जुन्या चादरीवर ओळीनं मांडलेलं असे, आणि त्या ओळीत कोणी पाय घातला तर बाबा जावयालाही बोलायला कमी करत नसत. व्हॉल्व्ह घासताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे. मी एकदा म्हटलं, "बाबा, झोपले का?" तर म्हणाले, "बोटानं पाहून राहिलो."

आणि आम्ही ती लाँच वाळवली. मन लावून वाळवली. आमचं सगळं आयुष्य कापसाच्या गावात गेलेलं. ओला कापूस म्हणजे पिवळा पडलेला कापूस, ओली तूर म्हणजे कीड, ओलं म्हणजे नासलं, हे आमच्या रक्तातच. म्हणून लाकडातला ओलावा पार गेल्याशिवाय रोगण लावायचं नाही, असं बाबांनी ठरवलं. वैशाखात फळ्यांमध्ये भेगा दिसायला लागल्या तेव्हा मीच म्हटलं की वरची ताडपत्री काढा, चांगलं ऊन लागू द्या, काय वाळायचं ते एकदाच वाळू द्या. भेगांत बाबांनी पक्की लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासून गुळगुळीत केली. बोट फिरवलं तर सांधा लागत नसे.

तयार झाली त्या सकाळी मी शेडच्या दारात उभी राहिले. हीच का ती बकरीची लाँच? सागवानाचा रंग उसाच्या ताज्या काकवीसारखा. पितळी कड्या, पितळी दिव्याची चौकट, सुकाणूच्या चाकाच्या आऱ्यांवर पितळी टोप्या, सगळं चिंच लावून घासलेलं. आत बुडाशी ती दोन इंजिनं शेजारीशेजारी, गर्द हिरव्या रंगात, तांब्याच्या नळ्या चकाकत असलेली. बाबांनी एका इंजिनाचं चाक हातानं थोडं फिरवून सोडलं, तर ते किती तरी वेळ फिरत राहिलं आणि कसलाही आवाज नाही. त्यांच्या हातात एवढं होतं आणि आम्ही घरातली माणसं त्यांना दुपारी झोप आली का म्हणून विचारत होतो. मला रडू आलं ते कौतुकाचं होतं की शरमेचं, ते मी ठरवलं नाही.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला क्रेननं लाँच धरणाच्या पाण्यात सोडली. साहेब होते, कार्यालयातली माणसं होती, नारळ होता. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. लाँच पाण्यावर टेकली, डुलली, टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर एक बारीक आवाज ऐकू यायला लागला, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा. मी आत वाकून पाहिलं. प्रत्येक सांध्यातून पाणी येत होतं. एखाददुसऱ्या नाही, प्रत्येक. लांबीच्या पट्ट्याच्या पट्ट्या सुटून आत तरंगत होत्या. बादल्या धावल्या, कोणी तरी पंप आणायला पळालं. अर्ध्या तासात लाँच काठालगत, छातीभर पाण्यात, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसली. दोन्ही इंजिनांसकट.

बाबा पाण्यात कमरेइतके उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. कार्यालयातला कोणीतरी हळूच म्हणाला, "चला, भंगारवाल्याले फोन लावा." माणसं पांगली. मला वाटलं, हे गेले आता. लाँच नाही, बाबा.

तेवढ्यात गिरजाबाई साडी खोचून सरळ पाण्यात उतरली. बाबांसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता ही बोलणार, आणि बोलायचा तिला हक्कही होता. ती एवढंच म्हणाली, "तहानली होती ते. पिऊन राहिली."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. शहात्तर वर्षांचा माणूस, आयुष्यात कोणाला चूक झाली म्हणाला नव्हता. "बाई, चुकलं माहं."

"मंग आता ऐका," ती म्हणाली, आणि तिथंच पाण्यात उभं राहून तिनं सांगितलं. भोई आपले डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, उन्हाळ्यात काठावर ठेवत नाहीत. पोटात दगड भरतात आणि डोहात बुडवून ठेवतात. पाऊस पडला की दगड काढतात, डोंगा आपोआप वर येतो, नवा असल्यासारखा. बाहेर ठेवलेला डोंगा एका वैशाखात मरतो. तिच्या सासऱ्याचा डोंगा असा वर्षानुवर्षं बुडत आणि निघत आला होता. लाकूड वाचवायचं तर बुडवावं लागतं, हे ऐकताना मला माझाच फळा आठवला. शिकवणं आणि कळणं यात एवढं अंतर असतं.

साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. तीन बल्ल्यांची घोडी उभारून चेनपुलीनं इंजिनं काढली आणि काठावरच्या कडुलिंबाखाली बाबांनी ती पुन्हा पहिल्यापासून उघडली. पाणी काढलं, डिझेलनं धुतली, तेल भरलं. लाँच काठावर ओढून, ओली गोणपाटं पांघरून, सांध्यांतली उरलेली लांबी आम्ही खिळ्यांनी कोरून काढली. "आता यात भरायचं काय?" मी विचारलं. गिरजाबाईनं कपाळावर हात मारला. "कापूस!" तेलात आणि राळेत भिजवलेल्या कापसाच्या लांब वाती. त्या सांध्यात ठोकून बसवायच्या, मग लाकूड फुगून त्यांना आवळून धरतं. वऱ्हाडात जन्म घालवून भेग बुजवायला कापूस सुचला नाही, याचा बाबांना लाँच बुडाल्यापेक्षा मोठा धक्का बसला. ते मोठ्यानं हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. दोन दिवस मी आणि गिरजाबाई देवापुढच्या वातीसारख्या वाती वळत बसलो होतो, फक्त या हातभर लांबीच्या होत्या.

मग लाँच पाण्यात सोडली आणि तिला पिऊ दिलं. पहिल्या दिवशी ती पुन्हा बसली. मी बाबांचा हात धरला. पाचव्या दिवशी उपसली तर थोडं पाणी आलं. आठव्या दिवशी उपसली, आणि आम्ही तिघं तिच्या कोरड्या बुडाकडे बघत बसलो. थेंब नाही.

इंजिनं चढवली. बाबांनी हँडल घातलं, फिरवलं, खटका सोडला. आधी एक, मग दुसरं. तो आवाज विहिरीवरच्या इंजिनासारखा नव्हता. खालून पाणी होतं ना, त्यामुळे तो खोल आणि मऊ येत होता, आणि दोन्ही इंजिनं जुळून एकच झाली तेव्हा पायाखालची फळी जिवंत असल्यासारखी थरथरायला लागली. काठ मागं सरकायला लागला. बाबा चाक धरून उभे होते. "चालली," ते म्हणाले. कोणाला उद्देशून नाही. "चालली वो." त्या दिवशी आम्ही धरणाला पूर्ण फेरी मारली, आणि साहेब लहान मुलासारखे पुढच्या टोकावर बसून होते.

त्याच आठवड्यात साहेबांची बदली झाली.

नवे साहेब वाईट नव्हते, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्यांना लाँच फार आवडली. इतकी आवडली की त्यांनी तिच्यासाठी चबुतरा मंजूर केला. प्रवेशद्वाराशी, बागेत, सिमेंटचा, सभोवती साखळी आणि फुलझाडं. "बाबा, एवढी देखणी वस्तू पाण्यात कुजवायची का? लोकांना दिसली पाहिजे. आणि ती इंजिनं काढून घ्या, ओट्याला वजन नको. ती भंगारात लावू, किंवा तुम्हीच न्या, तुमच्या नावानं चिठ्ठी देतो."

मी आ वासून ऐकत राहिले. त्यांना समजावलं. फळा असता तर चित्र काढून दाखवलं असतं. ते हसून म्हणाले, "मॅडम, दर वर्षी पेंट करू ना." माणूस प्रेमानंही किती सहज मारू शकतो, हे मी त्या दिवशी त्या वातानुकूलित खोलीत पाहिलं. क्रेन सोमवारी येणार होती.

बाबांनी वाद घातला नाही. चिठ्ठी घेतली, इंजिनं काढली, टेम्पोत घालून अकोल्याला पाठवली. मला त्यांचा रागच आला. एवढ्यात कशी मान टाकली यांनी?

रविवारी सकाळी मी काठावर पोचले तर लाँचच्या पोटात दगड होते. बाबा आणि गिरजाबाई काठावरचे काळे दगड एकमेकांच्या हातात देत होते, अगदी शांतपणे, अंगणात विटा रचाव्या तसे. मला समजायला काही क्षण लागले. समजलं तेव्हा मी ओरडले, "बाबा, सरकारी वस्तू आहे ती!"

"म्हनूनच तं ठेवून राहिलो," ते म्हणाले. "तू येतं का दगड द्याले, का जातं साहेबाकडे?"

एकोणतीस वर्षं मी मुलांना खरं बोला म्हणून सांगत आले आहे. मी चपला काढल्या आणि दगड उचलला.

इंजिनं नसलेली लाँच दगड भरूनही हलकीच होती. गिरजाबाईच्या डोंग्यामागं ती मुकाट्यानं आली. जिथं जुन्या नदीचा डोह आहे आणि भर उन्हाळ्यातही पाणी हटत नाही, तिथं नेली. डोंग्यातलेही दगड तिच्यात टाकले. पितळी कड्यांना बाबांनी ग्रीस फासलं होतं. मग ते तिच्यात उतरले, बुडाचं लाकडी बूच ठोकून काढलं आणि डोंग्यात परत आले. पाणी भरायला लागलं. काकवीच्या रंगाची ती फळी आधी हिरवी दिसली, मग काळी, मग दिसेनाशी झाली. ज्या गोष्टीसाठी एक आख्खा उन्हाळा मी बाबांना शेडमध्ये राबताना पाहिलं होतं, ती गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातानं पाण्याखाली घातली.

सोमवारी क्रेन आली. नव्या साहेबांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "बुडाली." खरंच होतं ते. साहेब हळहळले, म्हणाले, शेवटी जुनं लाकूड, पहिल्यांदाही बुडालीच होती म्हणे. कागदावर काही तरी लिहिलं आणि गेले. चबुतऱ्यावर आता कारंजं आहे.

क्रेन गेल्यावर आम्ही तिघं काठावर बसलो. आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. मी विचारलं, "बाबा, कधी काढायची वर?"

"साहेब बदलतीन. मंग आखीन बदलतीन. एखादा येईन पान्याची जान असलेला. तवा."

"कधी येईल असा?"

"काय मालूम. तवा मी नसीन." त्यांनी पावसाबद्दल बोलावं तसं हे सांगितलं. "तू काढजो."

मला वाटत होतं, बाबा लाँच वाचवत आहेत. पुन्हा तिच्यावर उभं राहायचं म्हणून वाचवत आहेत. ते तर तिच्यावर शेवटचे उभे राहून मोकळे झाले होते, आणि मी अजून दगडांचा हिशेब करत होते.

"आता जागा पाठ कर," ते म्हणाले. गिरजाबाईनं हात लांब करून दाखवलं. पलीकडच्या टेकडीवरचं एकटं मोहाचं झाड आणि त्याच्याखालचा पांढरा खडक एका रेषेत आले पाहिजेत. उजवीकडे धरणाच्या भिंतीवरचा तिसरा खांब आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली पाहिजे. दोन रेषा जिथं एकमेकींना कापतात, तिथं खाली.

मी म्हणून दाखवलं. मोह आणि खडक. खांब आणि खाच. दुसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फुटला आणि मी पदर तोंडाला लावला. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते पाण्याकडे बघत होते.

"रडून पाठ होत नाई," ते म्हणाले. "पुन्हा म्हन."